दुसऱ्यांदा उभी राहिले तो जानेवारी

जानेवारीत इथं सकाळी सात वाजताही आकाशाला रंग आलेला नसतो. मी कामाला निघते तेव्हा लाल पायवाटेवरचे दिवे चालू असतात आणि कडेच्या गवतावरचं दव गोठून पांढरं झालेलं असतं. त्यावर पाय पडला की करकर वाजतं. आज तो आवाज आला आणि मला तीन वर्षांपूर्वीचा जानेवारी आठवला. दर वर्षी आठवतो. आठवला की मी चालता चालता आपोआप पाठ सरळ करते.

घरी आल्यावर माझ्या मुलीची, ईश्वरीची, अर्धी कोरी राहिलेली गणिताची वही काढली आणि लिहायला बसले. कोणाला दाखवायचं नाही. मला बोलण्यापेक्षा लिहायला बरं वाटतं, एवढंच.

मी चौथी शिकले. संगमनेरच्या वरच्या अंगाला आमचं गाव. शाळा एका खोलीची. चार ओळी म्हणजे चार इयत्ता आणि गुरुजी एकच. पहिलीला गिरवायला लावायचे आणि चौथीकडे वळून पाढे म्हणून घ्यायचे. चौथीची ओळ भिंतीला टेकून बसायची, तिच्यापुढं ओळ नव्हती. पाचवी ओढ्यापलीकडच्या गावात होती आणि तिथं आमच्या मुली जात नव्हत्या. मला तेव्हा फार वाईट वाटलं असंही नाही, कारण सगळ्याच जणी घरी थांबल्या होत्या. वाईट वाटलं ते पुष्कळ वर्षांनी, ईश्वरीचा हात धरून इथल्या, इंग्लंडातल्या मिल्टन कीन्सच्या शाळेच्या दारात उभी राहिले तेव्हा. आत कोट अडकवायच्या खुंट्या होत्या आणि प्रत्येक खुंटीवर एकेका मुलाचं नाव. एका खुंटीवर माझ्या मुलीचं. मी ते वाचत उभी राहिले आणि मागच्या बायका 'सॉरी, सॉरी' म्हणत माझ्या बाजूनं आत गेल्या.

ओल्या कोटांचा तो वास मला अजून येतो. लोकर, पाऊस, आणि कोणाच्या तरी खिशात चुरडलेलं बिस्किट.

इथं प्रत्येक शाळेचं एक मंडळ असतं. आपल्याकडे शाळा समिती असते तसंच, पण हे मंडळ खरोखर बसतं आणि हेडटीचरलाही त्याच्यापुढं उत्तर द्यावं लागतं. आमच्या मंडळात पालकांच्या दोन जागा, चार-चार वर्षांसाठी. मंडळाच्या सदस्याला गव्हर्नर म्हणतात, आणि हे दोघे पालकच निवडून देतात. ईश्वरी अगदी पहिल्या वर्गात, रिसेप्शनमध्ये असताना एक जागा रिकामी झाली. घरोघरी कागद गेला आणि कोणीच नाव दिलं नाही. आमच्या हेडटीचर मिसेस डॉसन दुपारी फाटकात उभ्या राहायच्या. त्या मला म्हणाल्या, "तुम्ही का नाही भरत?" मला कोणाला नाही म्हणता येत नाही. मी फॉर्म भरला. दुसरा फॉर्म आला नाही. मी बिनविरोध निवडून आले.

पहिल्या बैठकीत सगळ्यांनी आपापलं नाव आणि काम सांगितलं. कोणी बँकेत, कोणी कौन्सिलमध्ये. अध्यक्ष म्हणजे एक निवृत्त मुख्याध्यापक. माझी पाळी आली. "मंदा. केअर होम. लाँड्री," एवढं म्हणून मी कपातल्या चहाकडे बघायला लागले. पुढची चार वर्षं जवळजवळ तशीच बघत राहिले.

वाचत मात्र होते. बैठकीच्या आठवडाभर आधी कागदांचा गठ्ठा यायचा. दुपारी वृद्धाश्रमातल्या चादरींच्या घड्या घालून घरी आले की स्वयंपाकघरातल्या टेबलावर तो उघडायचे. एकेका शब्दाखाली पेन्सिल धरायची, अडलेला शब्द फोनमध्ये शोधायचा आणि वर बारीक अक्षरात मराठी लिहायचं. ईश्वरीला विचारायची सोय नव्हती, कारण कागद गुप्त असायचे. असं वाचणाऱ्याला पान उडवता येत नाही. त्यामुळं एकदा मला दिसलं, की आमच्या शाळेच्या शिस्तीच्या धोरणात सातव्या पानावर दुसऱ्याच कुठल्यातरी शाळेचं नाव आहे. तिकडून उचलून इकडं चिकटवलेलं. बैठकीत सगळ्यांनी 'वाचलं' म्हणून माना हलवल्या. माझ्या तोंडातून शब्द फुटला नाही. संपल्यावर जेनिसला, म्हणजे मंडळाची नोंद ठेवणाऱ्या बाईला, मी ते पान दाखवलं. ती हसून हसून लाल झाली.

"मंदा, हे तू मोठ्यानं सांगायला हवं होतंस!"

"पुढच्या वेळी," मी म्हटलं.

पुढच्या वेळी मी परत कपाकडे बघत होते.

असं असताना दुसऱ्यांदा कशाला उभी राहिलीस, असं मला कोणीही विचारलं असतं. पुष्कळांनी विचारलंही. त्याचं उत्तर शाळेच्या बाजूच्या दारात होतं. तिथं सकाळी साडेसातला नाश्त्याचा क्लब भरतो. ज्यांना आठला कामावर हजर व्हायचं असतं ते मुलांना तिथं सोडतात. हॉलमध्ये अर्धेच दिवे लावलेले, टोस्टचा वास, दुधात पडणाऱ्या सीरियलचा आवाज, आणि डोळे न उघडता चमचा तोंडाकडे नेणारी मुलं. दाराबाहेर आम्ही. दिवसपाळीला निघालेली नर्स, बसचा ड्रायव्हर, गोदामात पॅकिंग करणाऱ्या दोघी, मी. आम्हाला एकमेकांची नावं माहीत नव्हती. आम्ही बुटांवरून ओळखायचो. ड्रायव्हरचे चकचकीत, नर्सचे पांढरे. दार उघडायला दोन मिनिटं उशीर झाला की सगळे बूट जागच्या जागी हलायला लागायचे.

माझ्या चौथ्या वर्षाच्या शेवटी गठ्ठ्यात एक ओळ आली. 'सकाळच्या क्लबचा फेरविचार, उन्हाळी सत्र.' फेरविचार या शब्दावर मी पेन्सिलीनं काय लिहिलं होतं ते आठवतं. 'बंद?'

बैठकीत मी टेबलाभोवती पाहिलं. सगळी चांगली माणसं. एकालाही सकाळी साडेसातला त्या दारात उभं राहावं लागत नव्हतं. उन्हाळ्यात ते ठरवणार आणि माझी मुदत जानेवारीत संपणार. म्हणून मी पुन्हा फॉर्म भरला. या वेळी मला कोणी भर म्हणालं नव्हतं.

आणि या वेळी दुसराही फॉर्म आला.

टॉम. जुळ्यांचा बाप. लंडनला कुठल्याशा फायनान्सच्या ऑफिसात, पण आठवड्यातून तीन दिवस घरून काम. सायकलवर पुढं खोक्यात दोन मुलं बसवून यायचा. उंच, हसरा, सगळ्यांसाठी फाटक धरून उभा राहणारा. त्याच्यावर राग धरायला काही जागाच नव्हती, हीच अडचण होती.

आमचे हे हॉटेलात स्वयंपाकी आहेत. दुपारी कामावर जायच्या आधी जेवताना त्यांना सांगितलं.

"आता कशाला?" हे म्हणाले. "बिनविरोध होतं तोवर ठीक होतं. आता पडलीस तर?"

"पडले तर पडले."

"आमच्याकडं पंचायतीला उभं राहायचं तर जीप लागायची, माणसं लागायची, मटण लागायचं. तू काय, पिशवी घेऊन चालत जाणार?"

"हो. चालतच जाणार."

ह्यांनी भाकरीचा तुकडा मोडता मोडता माझ्याकडे पाहिलं. "बरं बाई," म्हणाले, "मटण मी करीन."

पालकांना वाचायला उमेदवाराचं एक निवेदन द्यायचं असतं. ते लिहायला प्राजक्ता आली. ती पुण्याची, सॉफ्टवेअरमध्ये आहे, तिचा मुलगा ईश्वरीच्या वर्गात. मनानं फार चांगली. तिनं लॅपटॉप उघडला आणि माझ्या चार वर्षांचं अर्ध्या तासात असं काही करून टाकलं की मीच मला ओळखेना.

"हे बघा मंदाताई, 'अ पॅशनेट ॲडव्होकेट फॉर एव्हरी चाइल्ड.' कसं वाटतं?"

"हे मी आहे का गं?"

"अहो, तसं लिहावंच लागतं. सगळे लिहितात. तुम्ही ना, स्वतःला जरा सेल करायला शिका. किती लो-प्रोफाइल राहाल?"

"आणि कोणी विचारलं, काय ॲडव्होकेट केलं म्हणून?"

"कोणी विचारत नाही हो!"

ईश्वरी सोफ्यावर उलटी पडून ऐकत होती. "आई," ती म्हणाली, "तुझा इंग्लिश ओके आहे. फक्त तू ना, पटपट संपवते. सगळे बोलतात, आणि तू लगेच थँक यू म्हणते."

प्राजक्ता गेल्यावर मी निवेदन आधी मराठीत लिहिलं, मग माझ्याच इंग्रजीत. सात ओळी झाल्या. माझं नाव मंदा. ईश्वरी चौथ्या वर्गात आहे. मी चार वर्षं गव्हर्नर आहे. मी प्रत्येक पान वाचते. मी रोज सकाळी साडेसातला शाळेच्या दारात असते. मला बोलायला वेळ लागतो. मी पुन्हा उभी आहे.

टॉमचं निवेदन छान होतं, अर्धं पान भरून. शेजारी शेजारी छापल्यावर माझं पुसून टाकल्यासारखं दिसत होतं. पण त्यात खोटा शब्द नव्हता.

मतपत्रिका सोमवारी मुलांच्या दप्तरातून घरी गेल्या. पद्धत अशी, की मत एका कोऱ्या पाकिटात घालायचं, ते पाकीट दुसऱ्या पाकिटात, त्यावर आपलं नाव, आणि ऑफिसातल्या पेटीत टाकायचं. दारोदार जायचं नाही, पोस्टर नाही, सभा नाही. इथं मत मागणं थोडं लाजिरवाणंच समजतात. मला ते बरंच होतं.

आणि बुधवारी संक्रांत आली.

दर वर्षी मी तिळगूळ करते. इथल्या ओळखीच्या पाच-सहा जणींना देते. भाजताना खिडकी उघडावी लागते, नाहीतर धुराचा अलार्म बोंबलतो. मग आत खमंग वास आणि बाहेरून अंगावर काटा आणणारी हवा. त्या वर्षी मी साठ लाडू वळले. खरं लिहायचं तर मतं डोक्यात होती. मी मनाशी म्हणत होते, सण आहे, चार जास्तीचे झाले तर काय बिघडलं. पण हात गुळाच्या पाकात असताना फाटकातले चेहरे एकेक करून डोळ्यापुढं येत होते, आणि ते सगळे मैत्रिणींचे नव्हते.

शरदातच आमच्या मंडळानं ॲलर्जीचं नवं धोरण मंजूर केलं होतं. शाळेत काय आणायचं नाही याची यादी त्यात होती. मी ते नेहमीसारखं शब्द न् शब्द वाचलेलं. म्हणून मी शेंगदाण्याचं कूट आठवणीनं वगळलं, त्याऐवजी खोबरं घातलं, आणि स्वतःवर खूश झाले. यादीत तीळही होता. त्या शब्दावर माझ्याच पेन्सिलीनं मराठीत 'तीळ' लिहिलेलं मी नंतर पाहिलं. पण संक्रांतीचा तीळ हा खायचा जिन्नस आहे असं मला वाटलंच नाही. तो सण होता. कुंकवातल्या हळदीला कोण भाजीतली हळद म्हणतं?

दुपारी तीन वाजता, शाळा सुटायच्या आधी, मी फाटकाबाहेर उभी राहिले आणि कागदात गुंडाळलेले लाडू वाटले. बावीस जणांना. "हॅपी संक्रांत," एवढंच म्हणायचे. टॉमलाही दिला. त्यानं तिथंच तोंडात टाकला, "ब्रिलियंट!" म्हणाला आणि आणखी एक मागून घेतला. आयुष्यात पहिल्यांदा बावीस माणसांकडे मी स्वतःहून गेले होते. कान गरम झाले होते, पण आनंद झाला होता.

घंटा झाली. मुलं बाहेर आली. पाच मिनिटांनी क्लेअर माझ्यासमोर उभी होती. तिचा मुलगा आल्फी त्याच वर्षी रिसेप्शनमध्ये आला होता. आमची नुसती मान हलवण्यापुरती ओळख. तिनं तो लाडू दोन बोटांत धरला होता, कागद अर्धा सुटलेला.

"यात काय आहे?"

मी सांगायला लागले. गूळ, खोबरं, वेलची. आणि चौथा शब्द तोंडात येता येता मला सगळं समजलं.

"तीळ," मी म्हटलं.

"मी खिशात टाकला. त्यानं माझ्या खिशातून काढला. त्यानं उघडला होता, कळतंय तुम्हाला?" तिचा आवाज चढला नव्हता, कापत होता. तिच्या खांद्याला ती पिवळी पिशवी होती ज्यात ॲलर्जी उसळली तर मुलाला टोचायचं इंजेक्शनचं पेन असतं. "तुम्ही गव्हर्नर आहात. तो नियम तुम्ही त्या टेबलावर बसून पास केलात."

आल्फी तिचा कोट धरून उभा होता. त्यानं काही खाल्लेलं नव्हतं. त्याचा पांढरा मफलर आणि थंडीनं लाल झालेलं नाक मला स्वच्छ आठवतं. मी सॉरी म्हटलं. ते इतकं हळू निघालं की तिला ऐकू आलं का, मला माहीत नाही. ती निघून गेली.

मला घरी पळावंसं वाटलं. दार लावून घ्यावं, फॉर्म फाडून टाकावा. मग डोक्यात आलं, बावीस. बावीसातला एक परत आला. बाकीचे कोणाच्या तरी खिशात आहेत, पर्समध्ये आहेत, गाडीच्या सीटवर आहेत, आणि मागच्या सीटवर मुलं बसली आहेत.

पाऊस आणि बर्फ यांच्या मधलं काहीतरी पडायला लागलं होतं. रस्त्याच्या कडेनं गाड्यांची रांग, इंजिन चालू, काचा धुरकटलेल्या. इथं सगळे गाडीनं येतात. मी ईश्वरीचा हात धरला आणि पहिल्या गाडीच्या काचेवर टकटक केली. काच खाली आली.

"तो लाडू. त्यात तीळ आहे. मी सांगायला हवं होतं. माझी चूक. शाळेत आणू नका, दुसऱ्या मुलांना देऊ नका."

दुसरी गाडी. तिसरी. तेच शब्द. एक बाई म्हणाली, "अगं, मी खाल्लासुद्धा, छान होता." एका माणसाला वाटलं मी मत मागते आहे, तो काचेआडूनच अंगठा दाखवायला लागला. मी काच वाजवत राहिले, त्याला खाली करावीच लागली. एका बाईनं लाडू माझ्या हातात परत दिला, जळता निखारा द्यावा तसा. केसांतून पाणी मानेवर उतरत होतं. ईश्वरी पहिल्या गाडीला माझ्यामागं लपली होती, पाचव्या गाडीला माझ्या आधी टकटक करायला लागली. नऊ गाड्या झाल्या. बाकीच्या निघून गेल्या.

संध्याकाळी प्राजक्ताचा फोन. "मंदाताई, ग्रुपवर कोणीतरी टाकलंय, लाडू वाटून मतं मागतात म्हणून. तुम्ही आता काही बोलू नका हं. दोन दिवसांत सगळे विसरतात. प्रॉमिस."

"तुझ्याकडचे लाडू कुठं आहेत?"

"अहो, ते आम्ही खाल्ले. ऐकताय ना मी काय म्हणते?"

"ऐकतेय."

दुसऱ्या दिवशी मी लाँड्रीतून तासभर सुटी घेतली. मिसेस डॉसननी ऑफिसात बोलावलं होतं. त्या रागावल्या नाहीत. फाटकाबाहेर, मोठ्या माणसांना दिलं, म्हणजे नियम मोडला असं नाही, म्हणाल्या. पण एका पालकाची तक्रार आहे की हे मतांसाठी होतं. मग त्यांनी टेबलावरचं पेन उगीच सरळ केलं.

"मंदा, तुम्हाला नाव मागं घ्यायचं असेल तर मी समजू शकते. कोणी काही म्हणणार नाही."

किती सोपं होतं. हो म्हणायचं, थँक यू म्हणायचं. माझी जीभ थँक यूपर्यंत आलीही होती.

"नाही," मी म्हटलं. "मला नाव मागं घ्यायचं नाही. मला पत्र पाठवायचं आहे. सगळ्या पालकांना. मी काय केलं ते."

"ते मला करता येणार नाही. मतदान चालू आहे. एका उमेदवाराचं पत्र शाळेनं पाठवलं तर तो प्रचार होईल."

"मग मी तोंडानं सांगीन."

त्यांनी विचारलं, किती जणांना. "तेरा जण राहिलेत," मी म्हटलं. एक तर क्लेअरच होती, पण तिलाही मला परत सांगायचं होतं. मला ते सगळे पाठ होते. ज्यांच्याकडे आपण इतक्या भीत भीत जातो ती माणसं विसरत नाहीत.

दुपारी फाटकाशी मी एकेकाला गाठलं. टॉमला सांगितलं तेव्हा त्याचा चेहरा पडला. माझ्यासाठी पडला, असं मला वाटलं. "मतांचं ते बोलणं मूर्खपणाचं आहे," तो म्हणाला.

"थोडं खरं आहे," मी म्हटलं. "मी साठ केले होते."

तो हसला नाही. मान डोलावली आणि बाजूला झाला.

क्लेअर कुंपणाला टेकून उभी राहून हे सगळं बघत होती. मी तिच्यासमोर गेले आणि काल जे हळू निघालं होतं ते सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हटलं. मी वळले.

"त्या निळ्या गाडीला नाही सांगितलंत," ती मागून म्हणाली. "कोपऱ्यावर आहे. ती उशिरा येते."

मी कोपऱ्याकडे पळत गेले.

त्या आठवड्याचे बाकीचे दिवस मला वासांनी आठवतात. लाँड्रीतल्या गरम चादरींचा वास, त्यात मी तोंड खुपसून उभी राहायचे. घरी उरलेल्या लाडवांचा वास, डबा उघडायची इच्छा होत नव्हती. हे एक दिवस कामावरून येऊन म्हणाले, "विरोधी उमेदवारालाही वाटलास म्हणे. तेही दोन. आमच्या तालुक्यात असतीस तर फोडाफोडी केली म्हणून पेपरात फोटो आला असता." मी हसले नाही, तेव्हा त्यांनी डबा काढला आणि समोर बसून मुकाट्यानं एक लाडू खाल्ला. मग दुसरा. "लाडू मात्र जमलेत," म्हणाले. मग मला हसू आलं, आणि रडूही.

पुढच्या शुक्रवारी ऑफिसात मोजणी झाली. उमेदवारांना समोर बसता येतं. जेनिसनं पाकिटं फोडली, आतली कोरी पाकिटं वेगळी केली, मग ती उघडली. टेबलावर दोन ढीग. माझा ढीग वाढायचा, थांबायचा, टॉमचा वाढायचा. मला वाटलं होतं माझा ढीग नसेलच. शेवटी जेनिसनं दोनदा मोजलं आणि चष्मा काढला. मी सात मतांनी निवडून आले होते.

टॉमनं हात पुढं केला. "मला हरवलंत ते ठीक. पण पुढच्या वर्षी मला लाडू हवेत. माझ्या घरी आणून द्या, शाळेपासून लांब."

ती मतं कोणाची, मला कधीच कळणार नाही. लाडवाला भुलून दिलेली की काच वाजवली म्हणून, की त्या सात ओळींसाठी. आधी हे मनाला लागायचं. आता इतकंच वाटतं, की कोणीतरी घरी बसून एका कागदावर माझं नाव शोधलं, खूण केली, आणि तो एकात एक अशा दोन पाकिटांत घातला. गावाकडं कोणी माझ्यासाठी इतका खटाटोप केला नव्हता. मी घरी चालत आले तेव्हा पायवाटेवरचं बर्फ वितळून लाल डांबर ओलं चमकत होतं.

उन्हाळी सत्राची बैठक मे महिन्यात झाली. खिडक्या उघड्या, बाहेर कापलेल्या गवताचा वास, संध्याकाळी सात वाजता लख्ख ऊन. सहावा विषय, सकाळचा क्लब. अध्यक्षांनी कागद वाचला. मुलं कमी, माणसं मिळत नाहीत, परवडत नाही, तेव्हा जुलैनंतर थांबवावा. "कोणाला काही म्हणायचंय? नसेल तर पुढं जाऊ."

"थांबा," मी म्हटलं.

माझा आवाज मलाच मोठा वाटला. सगळ्यांचे चेहरे वळले. मी काही पाठ करून आले नव्हते. मी त्यांना दाराबाहेर कोण उभं असतं ते सांगितलं. नर्स, ड्रायव्हर, गोदामातल्या दोघी. दार दोन मिनिटं उशिरा उघडलं तर काय होतं. क्लब बंद झाला तर यांतली कोण कोण काम सोडेल आणि कोणाची मुलं सकाळी एकटी घरी थांबतील. शब्द अडला की मी थांबत होते, सापडला की पुढं जात होते. कोणी मध्ये बोललं नाही. बोललं असतं तरी मी थांबले नसते.

बँकेतले गृहस्थ म्हणाले, "हे आकड्यांत दिसत नाही." कौन्सिलमधल्या बाई म्हणाल्या, "खरं तर आपल्यातलं कोणी कधी सकाळी तिथं गेलंय का?" कोणीच गेलं नव्हतं.

अध्यक्षांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "मग निर्णय पुढं ढकलू. आधी जाऊन बघू. मंदा, केव्हा यायचं आम्ही?"

"उद्या," मी म्हटलं. "साडेसातला."